टाक्यांचा हिशेब

आमच्या पेठेतील वाचनालयाच्या माडीवर दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच या वेळात काही मंडळी हातशिवण घेऊन बसतात. कोणी गोधडीला धावदोरा घालीत असते, कोणी नातवाच्या झबल्याला काजे करीत असते, कोणी जुन्या शालीला रफू करीत असते. मंडळींची संख्या चौदांच्या वर कधी गेली नाही व आठांच्या खाली कधी आली नाही. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही. सतरंजी झटकून जागच्या जागी ठेवावी व जाताना पंखा बंद करावा, एवढेच काय ते नियम. आम्हीही गेली सहा वर्षे या मंडळींत बसत आलो आहोत. गेल्या महिन्यात वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाकडून आम्हां सर्वांस एक पत्र आले. सदर उपक्रमातून वर्षभरात किती वस्तू तयार झाल्या, त्यांपैकी किती विकल्या गेल्या व त्यापासून संस्थेस अथवा गरजूंस कोणता लाभ झाला, याचा तपशील कळवावा. तसा लाभ होत नसल्यास माडीचा विनियोग अधिक उपयुक्त कामाकडे करण्याचा विचार करावा लागेल, असा त्या पत्राचा मथितार्थ होता.

पत्राची भाषा सौजन्याची आहे. ते लिहिणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे असून संस्थेच्या भल्याखेरीज त्यांच्या मनात दुसरे काही नाही, हेही आम्ही जाणून आहोत. दुष्ट हेतूने लिहिलेल्या पत्रास केराची टोपली हे उत्तर पुरते. सद्धेतूने लिहिलेल्या पत्रास मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागते. शिवाय प्रस्तुत प्रश्न केवळ एका माडीचा नाही. जे विकले जात नाही ते वाया गेले, ज्याचा अहवाल होत नाही ते घडलेच नाही, ही समजूत आज सुशिक्षितांच्या घराघरांत ठाण मांडून बसली आहे. सुट्टीत मुलीने रुमालावर चार फुले भरली की 'याचा क्लास काढ', सूनबाईंनी उरल्यासुरल्या कापडाची पिशवी शिवली की 'ऑर्डरी घे', अशा शब्दांत आपण कौतुक करतो. आणि असे करताना त्यांच्या हातातील आनंद काढून घेऊन तेथे दरपत्रक ठेवीत आहोत, याची आपणांस कल्पनाही नसते. आमचे भांडण आहे ते या समजुतीशी.

त्या माडीचा सबंध आठवडा डोळ्यांपुढे आणा. रोज सकाळी तेथे बुद्धिबळाचे पट मांडले जातात व निवृत्त मंडळी अकरा वाजेपर्यंत राजे-वजीर मारीत बसतात. मंगळवारी सायंकाळी गाण्याचे रसिक जमतात. महिन्यातून एकदा काव्यवाचन होते. 'वर्षभरात किती राजे मारलेत व त्यापासून गरजूंस कोणता लाभ झाला' असा प्रश्न यांपैकी कोणासही आजवर गेलेला नाही, व तो जाऊ नये असेच आमचे मत आहे. बुद्धिबळ हा छंद, गायन ही कला, काव्य हे साहित्य. आणि शिवण तेवढे काम! काम म्हटले की माल आला, मोबदला आला, हिशेब आला. आमच्या मते त्या पत्राचे मूळ येथे आहे. जे हात पिढ्यान्पिढ्या घरासाठी राबत आले, ते कधी स्वतःच्या सुखासाठीही हलतील, ही गोष्टच आपल्या समाजाच्या पचनी पडत नाही. बाईच्या हातात सुई दिसली की ती कोणाचे तरी काहीतरी शिवीत असली पाहिजे, असे आपण गृहीत धरून चालतो. 'मला बरे वाटते म्हणून शिवते' हे उत्तर आपल्याला उद्धटपणाचे वाटते.

या आक्षेपामागे उभे असलेले दुसरे आक्षेप एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप यंत्राचा. घरोघर शिवणयंत्र असता व दुकानात तयार पांघरुणे स्वस्त मिळत असता हाताने टाके घालीत बसणे हा वेळेचा अपव्यय होय, असे पुष्कळांचे म्हणणे असते. यंत्राशी आमचे वैर नाही. बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने पॅरिसमध्ये शिवणयंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवण्यास आरंभ केला, तेव्हा १८३१ मध्ये तेथील शिंप्यांनी त्याच्या कारखान्यावर चाल करून यंत्रांची मोडतोड केली. त्या बिचाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता. आमच्या पोटावर कोणाचा पाय आलेला नाही. पुढे १८४६ मध्ये एलियास हाऊ याने व १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने अमेरिकेत आपापल्या यंत्रांचे पेटंट मिळविले आणि जगातील असंख्य स्त्रीपुरुषांच्या डोळ्यांचे व बोटांचे कष्ट वाचले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. घरचे पडदे व उशांचे अभ्रे आम्हीही यंत्रावरच शिवतो.

यंत्राच्या टिपेत वरचा दोरा व खालच्या बॉबिनचा दोरा कापडात एकमेकांस अडकतात. गोधडीचा धावदोरा एकटाच थरांतून खालीवर जात असतो, त्यामुळे थर एकमेकांस धरून राहतात पण आवळले जात नाहीत, आणि प्रत्येक धुण्यागणिक गोधडी मऊ होत जाते. हे खरे असले तरी आमची बाजू आम्ही या मऊपणावर उभी करू इच्छीत नाही. उद्या याहून मऊ गोधडी यंत्राने निघाली तरी आमचा गुरुवार आम्ही सोडणार नाही. पर्वतीवर रोज पहाटे चढणाऱ्या माणसास 'वर जाण्यास मोटार असता पायऱ्या का चढता' असे विचारणाऱ्याला चढण्यातले काही कळलेले नाही, असेच आपण म्हणू. त्या माणसास देवळात पोहोचावयाचे असते हे खरेच. पण त्यास चढावयाचेही असते.

दुसरा आक्षेप बाजाराचा, आणि तो अधिक गोड बोलतो. 'तुमची कला चार लोकांपुढे येऊ द्या, दोन पैसे मिळतील' असे तो म्हणतो. पत्रात हिशेब मागितलाच आहे, तर तो एकदा देऊन टाकू. सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी सरळ ओळींची एक मध्यम गोधडी घ्या. अर्ध्या इंचाच्या अंतराने ओळी घातल्या तर त्या ९६ होतात. एका ओळीची लांबी ७२ इंच. इंचास तीन टाके धरले तर ओळीस २१६ टाके पडतात, आणि सबंध गोधडीस २०,७३६. एका ओळीस वीसच मिनिटे लागली असे मानले तरी नुसत्या टाक्यांचे ३२ तास होतात. जुनी लुगडी उसवणे, तुकडे बेतणे, थर अंथरून कच्चे टाके घालणे व कडेची पट्टी बसविणे यांचा वेळ यात धरलेला नाही. या तासांस माणुसकीचा कोणताही मजुरीचा दर लावून पाहा; येणारी किंमत ऐकून गिऱ्हाईक आल्या पावली परत जाईल. मग विकणारीपुढे दोनच मार्ग उरतात. एक तर तिने आपली मजुरी सोडावी, नाही तर टाके सोडावे. अर्ध्या इंचाची ओळ दीड इंचावर जाते, आतील थर पातळ होतो, आणि 'हाताची गोधडी' म्हणून जे घरी येते ते तिसऱ्या धुण्यात फुगून बसते. आणखी एक मौज हल्ली दिसू लागली आहे. जुन्यास नवे आयुष्य द्यावे म्हणून जी वस्तू निघाली, तिची नक्कल करण्यासाठी कोऱ्या कापडाचे मुद्दाम तुकडे पाडून ते पुन्हा जोडले जातात! ज्या घरांनी आजीची गोधडी पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून चादरीखाली दडविली, त्याच घरांत आज ही विकतची गोधडी दिवाणखान्यातील कोचावर मिरवते.

बाजार हातास काय करतो याचे एक परदेशातील उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णी स्त्रिया, ज्यांचे पूर्वज तेथल्याच मळ्यावर गुलाम होते, शेतकामाच्या विटलेल्या कपड्यांतून पिढ्यान्पिढ्या रजया शिवीत आल्या. त्यांची रीत अशी की, वरच्या थराचे तुकडे बहुधा जी ती आपल्या घरी एकटीने, आपल्या मनास येईल तसे जोडी; आणि थर एकमेकांवर ठेवून टाके घालण्यास शेजारणी जमत. १९६६ मध्ये त्या भागात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था निघाली. मतदानाच्या हक्कासाठी उभे राहिल्यामुळे ज्यांच्यावर जमीनदारांची गदा आली, अशा कुटुंबांना तिने हक्काचा पैसा मिळवून दिला. तिचे मोल आम्ही कमी करणार नाही. परंतु मोठ्या दुकानांच्या मागण्या येऊ लागल्या तसे सर्व नग एकसारखे हवे झाले. १९७२ मध्ये सीअर्स या पेढीने कॉर्डुरॉयच्या अभ्र्यांची मोठी मागणी दिली. तेथे वेगळा तुकडा जोडण्यास वाव नव्हता. मात्र त्या कामातून उरलेल्या कॉर्डुरॉयच्या पट्ट्या घरी नेऊन स्त्रियांनी आपल्या मनाजोग्या रजया शिवल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या व त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंडच्या रजया भिंतीवर लागल्या व जाणकारांनी त्यांस आधुनिक चित्रांच्या पंक्तीस बसविले. या घरगुती कॉर्डुरॉयच्या रजयाही त्यांत होत्या. मागणीबरहुकूम शिवताना हाताने पोट भरले. हाताला स्वतःचे असे जे काही सांगावयाचे होते ते त्याने उरलेल्या चिंध्यांवर सांगितले.

येथे आमचा विपर्यास होऊ नये. ज्यांना शिवणातून पोट भरावयाचे आहे त्यांना आम्ही आनंदाचे प्रवचन देत नाही. १८९६ मध्ये सुरू झालेला अनाथ बालिकाश्रम, १९०९ मधील पुण्याचे सेवासदन, या संस्थांचे ऋण महाराष्ट्र विसरणार नाही. रमाबाई रानडे यांनी ज्या स्त्रियांना शिवणकलेसारखी विद्या शिकविली, त्यांच्या दृष्टीने सुई म्हणजे दिराच्या वा भावाच्या दारी आश्रित न राहण्याचे साधन होते. अशा स्त्रीने प्रत्येक टाक्याचा दाम मागावा, चोख मागावा, व तो न देणाऱ्यास आपण नावे ठेवावी. आमचा विरोध मिळकतीला नाही. मिळकत हीच एकमेव सबब मानण्याला आहे. ज्याला गरज आहे त्याने मोबदला मागणे हा स्वाभिमान होय. ज्याला गरज नाही त्याच्याही हातात पावतीपुस्तक कोंबणे ही निव्वळ खोड होय. आणखी असे की, आमच्यासारख्या खाऊनपिऊन सुखी मंडळींनी फावल्या वेळातील वस्तू हौसेच्या दराने बाजारात आणल्या, तर जिचा संसार सुईवर चालतो तिचाच दर पडतो. ही गोष्ट 'दोन पैसे मिळवा' म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

तिसरा आक्षेप ज्यांच्याकडून येतो त्या भगिनींचा आम्हांस आदर वाटतो. त्या म्हणतात की, सुई ही बाईच्या हातातील बेडी होय. आणि एवढ्या कष्टाने ती सुटल्यावर तुम्ही तिलाच पुन्हा अलंकार म्हणून का मिरविता? या म्हणण्यात फार मोठे सत्य आहे. वधूपरीक्षेत 'शिवणटिपण येते ना' हा प्रश्न किती मुलींनी मान खाली घालून ऐकला आहे! भाऊ अंगणात खेळत असता बहिणीस धावदोरा गिरवीत बसावे लागे, आणि वाकडा पडला तर तो उसवून पुन्हा घालावा लागे. रोझिका पार्कर यांनी १९८४ मध्ये लिहिलेल्या 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' या ग्रंथात इंग्लंडमधील भरतकामाचा असाच इतिहास मांडला आहे. मुलीस नम्र, मुकी व घरबशी करण्याचे शिक्षण सुईच्या द्वारे कसे दिले गेले, हे त्यांनी दाखविले. परंतु त्याच सुईने स्त्रियांनी आपला विरोधही नोंदविला, हे त्यांच्या सिद्धान्ताचे दुसरे अंग आहे. चिली देशात १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसे नाहीशी केली गेली, त्या स्त्रियांनी एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रे शिवली व आपल्या घरांवर काय ओढवले ते जगाला कळविले. तेव्हा दोष सुईचा नव्हे, सक्तीचा होय. सक्तीने शिकविलेले गायनही छळच असते. म्हणून कोणी तंबोरा फोडीत नाही.

आणि सुई बाईचीच, हे तरी कोणी ठरविले? नामदेवराय जातीने शिंपी होते. आजही बाजारपेठेत दुकान मांडून शिवणारे बहुतेक पुरुषच दिसतात. म्हणजे सुईने पैसा मिळू लागला की ती पुरुषाला शोभते. पैसा मिळेनासा झाला की ती बायकी ठरते. आमच्या गुरुवारच्या मंडळींत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांचे रफू इतके बारीक असते की फाटले कोठे होते हे उजेडाकडे धरून शोधावे लागते. त्यांचे पहिले वर्ष मात्र मोठ्या संकोचात गेले. शिवणाची पिशवी ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणीत. ज्या दिवशी प्रत्येक शाळेतील मुलगेही काजे करावयास व बटण लावावयास शिकतील, त्या दिवशी या तिसऱ्या आक्षेपाचे अर्धे विष उतरलेले असेल.

चौथा शत्रू बाहेरचा नसून आमच्यातलाच आहे. तो म्हणजे प्रदर्शनाचा व पहिल्या क्रमांकाचा हव्यास. रुखवताची गत काय झाली हे आपण पाहतच आहोत. मुलीने व तिच्या मैत्रिणींनी हाताने केलेल्या वस्तू कौतुकाने मांडाव्या, एवढाच ज्याचा मूळ अर्थ, तेथे आज विकत आणलेल्या किंवा भाड्याने मिळणाऱ्या वस्तूंची आरास असते, आणि व्याह्यांचे डोळे दिपविणे हा तिचा हेतू असतो. आम्ही इतरांस नावे ठेवतो असे नाही. आमच्याकडूनही ही चूक एकदा घडली. चार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी डोक्यात आले की, गुरुवारच्या मंडळींत एक स्पर्धा घ्यावी, परीक्षक बोलवावे, तीन बक्षिसे ठेवावी. सर्वांनी माना डोलावल्या. त्यांत आमचीही मान होती. पुढच्याच गुरुवारी लोक शिवण पदराखाली धरून बसू लागले. नक्षी कोठून घेतली असे विचारले तर उत्तर मिळेना. आमच्यातील एक वयस्क बाई कित्येक वर्षे प्रत्येकाची काजी आनंदाने करून देत. त्यांना कोणी काजे करावयास देईना, कारण ते नियमाविरुद्ध झाले असते. बक्षीससमारंभ थाटात झाला. त्यानंतर त्या बाई तीन महिने आल्या नाहीत. आम्ही समजावण्यास गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमची बक्षिसं तुम्हांला लखलाभ. माझ्या हाताला तिथं काम उरलं नाही, मग येऊन बसू कशाला?" या एका वाक्याने आमचे डोळे उघडले, आणि त्यानंतर आम्ही स्पर्धेचे नाव काढलेले नाही.

तर मग या बसण्यात आहे तरी काय? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते, कारण हातशिवणाचे सुख एकांतात वेगळे असते व संगतीत वेगळे.

एकांतातील सुख असे की, दिवसभरात आपण केलेल्या बहुतेक गोष्टी रात्री दिसेनाशा झालेल्या असतात. रांधलेले संपते, झाडलेले पुन्हा धुळीने भरते, कचेरीतील कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातो, आणि हातातील मोबाईलवर घालविलेल्या घटकेचा तर मागमूसही राहत नाही. घरातील माणसे निजल्यावर दिव्याखाली बसून घातलेल्या दोन ओळी मात्र सकाळी तेथेच असतात. नेढ्यात दोरा ओवण्यासाठी श्वास क्षणभर रोखावा लागतो, आणि तेवढ्यात मनातील गलका थांबतो. कोणत्या तुकड्याशेजारी कोणता तुकडा ठेवावा याचा विचार एकट्यानेच करावा लागतो. तेथे कोणाचा सल्ला उपयोगी पडत नाही. आणि चूक झाली तर उसवता येते. शब्द परत घेता येत नाही, गेलेली वेळ परत येत नाही. टाका मात्र कोणास न दुखविता परत घेता येतो. ज्याने हे समाधान अनुभवले नाही त्यास ते शब्दांनी पटविणे कठीण आहे.

परंतु नुसत्या एकांताने हात लवकरच खुंटतो. आपली चूक आपल्यास दिसत नाही, आपली आवड आपल्यास कंटाळवाणी होते, आणि जड गोधडी तर एकट्याने ओढवतही नाही. पूर्वी वाड्याच्या ओसरीवर जाजम अंथरून चौघीजणी चार बाजूंनी गोधडीला बसत. चातुर्मासात वाती वळावयास जमत, उन्हाळ्यात पापड लाटावयास जमत. तो वाडा आता गेला, ओसरी गेली, आणि सदनिकेच्या बंद दारामागे जो तो आपापली सुई घेऊन एकटा बसला. माडीवरचा गुरुवार ही त्या हरवलेल्या ओसरीची आम्ही कशीबशी लावलेली भरपाई आहे. तेथे गप्पाच चालतात, अशी कोणी कुजबूज करतात. होय, चालतात. डोळे शिवणावर असले की समोरच्याच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि जे समोरासमोर बोलवत नाही ते सहज बोलले जाते. आमच्यातील कोणाच्या घरी पाळणा हलणार असे कळले की बाळंतविडा आपोआप वाटून घेतला जातो. एकजण कुंची घेते, एकजण दुपटे, एकजण झबली, आणि रफूवाले गृहस्थ टोपड्याचे बंद करून देतात. यांपैकी काहीही विकले जात नाही. म्हणून ते अहवालात येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक नवीन बाई एका गुरुवारी पिशवीत इरकली लुगडे घेऊन आल्या. ते त्यांच्या दिवंगत सासूबाईंचे होते. गोधडी करावयाची होती. पण सहा महिने झाले तरी घरी कात्री लावण्यास हात धजत नव्हता. त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "तीस वर्षं आमचं पटलं नाही. माझ्या हातचं काही त्यांना कधी आवडलं नाही. पण हे लुगडं बोहारणीला द्यावं म्हटलं तर तेही होत नाही." त्या दिवशी काजेवाल्या बाईंनी लुगड्याचे एक टोक धरले, त्यांना दुसरे धरावयास सांगितले, आणि काही न बोलता मधोमध पहिली कात्री चालविली. पुढचे सर्व काम त्या बाईंनी एकटीने केले. बराच भाग घरी, रात्री. ओळी अशा सरळ घातल्या की फूटपट्टी लावावी. आम्ही वाहवा केली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "वाकडी गेली असती तर त्यांनी ऐकवलं असतं." ती गोधडी आज त्या स्वतः पांघरतात. पहिली कात्री त्यांच्याने एकट्याने लागली नसती, आणि त्या वीस हजार टाक्यांत त्यांनी सासूबाईंशी जे काही मिटविले असेल ते चारचौघांत मिटले नसते. एकांत व संगत ही दोन्ही का लागतात, याचे याहून चांगले उदाहरण आमच्यापाशी नाही.

आता कार्यकारी मंडळास आमचे उत्तर. तुम्ही मागितलेला तपशील आम्ही देणार नाही. वस्तू मोजता येणार नाहीत म्हणून नव्हे. गोधड्या, दुपटी, रफू केलेल्या शाली, सर्व काही मोजता येईल, आणि तो आकडा पाहून कदाचित आपले समाधानही होईल. परंतु एकदा आकडा दिला की पुढील वर्षी तो वाढविण्याची जबाबदारी आमच्यावर येईल, आणि तो वाढविण्यासाठी जी मंद हाताने शिवते, जी नुसती ऐकण्यास येते, जिच्या बोटांत आता वाताने बळ राहिले नाही, ती आम्हांस अडचण वाटू लागेल. ही आपत्ती आम्ही जाणूनबुजून ओढवून घेणार नाही. बुद्धिबळाच्या पटास ज्या न्यायाने आपण जागा दिली आहे, त्याच न्यायाने सुईसही द्यावी. अधिक काही नको. आणि माडी खरोखरच अपुरी पडत असेल तर तसे स्पष्ट सांगावे; वेळ बदलण्यास, जागा आखडून घेण्यास आम्ही तयार आहोत. गरजेपुढे आम्ही वाकू. उपयुक्ततेच्या धाकापुढे मात्र वाकणार नाही. मंडळाची बैठक पुढील महिन्यात आहे. निर्णय काय लागेल हे आज सांगता येत नाही. तो विरुद्ध गेला तर कोणाच्या तरी गच्चीवर सतरंजी पसरू, पण गुरुवार मोडणार नाही.

वाचकांस शेवटी एकच विनंती. पुढच्या खेपेस बोहारीण दारी येईल तेव्हा सर्वच जुनी लुगडी-धोतरे तिच्या हवाली करू नका. दोन मागे ठेवा. मुलास व मुलीस, दोघांनाही जवळ बसवून नेढ्यात दोरा ओवावयास शिकवा. पहिली ओळ वाकडी जाईल, जाऊ द्या. शेजारच्या दारावर थाप मारून विचारा, तुमच्याकडे जुने काही आहे काय, दुपारी बसावयास येता काय. आणि कोणी येऊन 'हे केवढ्याला विकाल' असे विचारले, तर त्याच्या हातात एक सुई द्या व गोधडीचे दुसरे टोक धरून बसावयास सांगा.